कर्ज फेडणारे दरोडेखोर

डेव्हिड मॅकेन्झी दिग्दर्शित 'हेल ऑर हाय वॉटर' (२०१६) हा चित्रपट दरोडेपट म्हणून ओळखला जात असला, तरी मला तो कागदांचा चित्रपट वाटतो. पश्चिम टेक्ससमधले टोबी आणि टॅनर हे भाऊ एकाच बँकेच्या छोट्या छोट्या शाखा लुटतात. त्यांच्या दिवंगत आईने याच बँकेकडून 'रिव्हर्स मॉर्गेज' घेतलेले असते. (यात वृद्ध माणसाला घर तारण ठेवून पैसे मिळतात आणि वसुली बहुधा त्याच्या पश्चात होते.) जमिनीखाली तेल सापडले आहे, कर्ज मुदतीत फिटले नाही, तर सगळेच बँकेच्या घशात जाणार. तेव्हा टोबीचा बेत असा, की बँकेचेच पैसे लुटायचे, जुगारघरात चिप्सच्या रूपाने ते पांढरे करायचे आणि त्याच बँकेच्या नावे धनादेश घेऊन गहाण सोडवायचे.

टेलर शेरिडनच्या पटकथेतली ही युक्ती चतुर आहेच, पण खरी मेख पुढे आहे. जमीन मुलांसाठी ट्रस्टमध्ये ठेवून टोबी तिचा कारभार त्याच बँकेकडे सोपवतो. मग हे गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून बँकच तपासाला सहकार्य करीनाशी होते. कर्जदाराला पायरीवर उभे न करणारी संस्था खातेदाराला कशी जपते, ते पाहून हसू येते आणि लगेच ओसरते.

आमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेच्या कर्जाची नोंद बरीच वर्षे होती. महसुली भाषेत तिला 'बोजा' म्हणतात. चित्रपटभर तो शब्द मला आठवत राहिला. विशेषतः वेट्रेसच्या प्रसंगात. टोबीने ठेवलेली दोनशे डॉलरची बक्षिसी रेंजर पुरावा म्हणून मागतो आणि ती साफ नकार देते, कारण तिलाही घराचा हप्ता भरायचा असतो!

तरीही ही सहानुभूती भाबडी नाही. अल्बर्टो हा रेंजर अर्धा कोमांची वंशाचा. ही भूमी आपल्या पूर्वजांची होती, ती यांच्या पूर्वजांनी बळकावली आणि आता यांच्याकडून बँक बळकावते आहे, हा हिशेब चित्रपटात तोच मांडतो. आणि टॅनरच्या गोळीने मरतो तोही तोच. पुढे त्याचा सहकारी मार्कस, निवृत्त झाल्यावर, टोबीच्या दारात येतो. जमीन तोवर मोकळी झालेली असते. मार्कसकडे पुरावा एकही नसतो. मेलेल्या मित्राविषयीचे प्रश्न तेवढे असतात.