उसने शब्द

पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवले. या बावीस वर्षांत माझ्या तांबड्या पेन्सिलीने किती वह्या रक्तबंबाळ केल्या असतील, याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक! त्या काळात माझे एक मत अगदी पक्के होते. मुले 'लेंड'च्या जागी 'बॉरो' लिहितात, 'लुक'च्या जागी 'सी' लिहितात, ती निव्वळ आळसाने. शब्दकोश उघडायचा कंटाळा, दुसरे काय! हे मत मला जन्मभर पुरले असते. पण २०१४ साली आमच्या ह्यांची तीन वर्षांसाठी शांघायला नेमणूक झाली, मी नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेले, आणि तिथे त्या मताला पहिली ठेच लागली.

परक्या गावी रिकामपण खायला उठते. आमच्या वसाहतीत रहिवासी समितीची एक खोली होती. दुपारी तिथे पत्ते आणि माहजाँगचे डाव रंगत; संध्याकाळी ती मोकळी असे. शेजारच्या नर्सबाईंनी एकदा विचारले, "तुम्ही इंग्रजीच्या शिक्षिका ना? मग आम्हांला शिकवा की!" झाले! आठवड्यातून दोनदा वर्ग भरू लागला. फी नाही, हजेरीपट नाही. नर्सबाई, कोपऱ्यावरचे दुकानदार, नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण हिशेबनीस आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा, एवढेच विद्यार्थी. प्रत्येकाजवळ झाकणाची काचेची बरणी. तळाशी हिरव्या चहाची पाने आणि वर कढत पाणी. सगळे मला 'लाओशी' म्हणत. लाओशी म्हणजे गुरुजी किंवा बाई. चिनी भाषेत दोघांना एकच शब्द पुरतो.

मी भारतातली म्हटल्यावर आजोबा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "ख ती-ह्वा!" मी गोंधळले. नर्सबाईंनी उलगडा केला. ते आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव. १९३८ साली डॉक्टर चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले. शांघायच्या त्या खोलीत सोलापूरच्या माणसाचे नाव ऐकून माझे डोळे भरून आले.

आजोबांचे सारे आयुष्य कापडगिरणीत गेले होते. त्यांच्या शाळेच्या दिवसांत इंग्रजी नव्हे, तर रशियन शिकवीत. या वयात इंग्रजीची हौस कशाला, तर मुलगी टोरांटोला स्थायिक झालेली आणि नऊ वर्षांची नात तिथेच जन्मलेली. नातीला चिनी थोडेफार कळे, वाचता मात्र मुळीच येत नसे. "पडद्यावर बोलायला बसली की दोन मिनिटांत पळते," आजोबा म्हणाले. "पत्र पळत नाही. मला तिला पत्र लिहायचे आहे."

पहिला घोटाळा झाला तो पावसात. वर्ग सुटला तेव्हा बाहेर धो धो पाऊस. दुकानदार माझ्यापुढे छत्री घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, आय बॉरो यू अंब्रेला." मला वाटले, यांना माझी छत्री हवी आहे. मी ती पिशवीतून काढून पुढे केली. ते आपली मला देताहेत, मी माझी त्यांना देते आहे, आणि दोघेही भिजतो आहोत!

घरी येऊन मी चिनी शब्दकोश उघडला. (हो, या वेळी मीच!) 'चिये' हा तिथला शब्द. उसने देणे तेही चिये आणि उसने घेणे तेही चिये. पुढे-मागे दुसरे शब्द जोडून कोण कोणाला देतो ते ठरते. मला हसू आले, आणि मग ते ओठांवरच थांबले. आपण तरी काय करतो? उसनी साखर. ती दिली की घेतली, हे 'उसनी' या शब्दावरून कळते थोडेच! वाड्यात ते वाटी कोणाच्या घरची यावरून कळायचे. मग माझ्या शाळेतल्या पोरांनी 'बॉरो' आणि 'लेंड' यांची अदलाबदल केली, तर त्यांचे असे काय चुकले?

शिवाय माझी स्वतःची ख्याती काही निराळी नव्हती. 'माय' हा शब्द आवाज खाली नेऊन पुन्हा वर आणत म्हटला की विकत घेणे, आणि तोच झटक्यात खाली टाकला की विकणे! मी महिनाभर भाजीवालीला रोज सकाळी "मी टोमॅटो विकते" असे बजावून सांगत होते. ती बिचारी हसून अर्धा किलो तोलून देई.

नर्सबाईंच्या यजमानांची कथा याहून मजेची. "माय हजबंड इज व्हेरी टायर्ड. शी ड्राइव्ह्ज ऑल डे," त्या म्हणाल्या. चिनी बोलण्यात 'था' म्हणजे तोही आणि तीही. लिहिताना 'ती'साठी वेगळे अक्षर आहे. पण तेसुद्धा १९२० च्या सुमारास कवी ल्यू पान-नुंग यांनी पुढे आणले म्हणून रूढ झाले. कानाला आजही फरक नाहीच. ज्या जिभेला हा भेद कधी करावाच लागला नाही, तिने घाईच्या वेळी तो नेमका कसा करावा?

एकदा दिवे गेले आणि परत आले. हिशेबनीस म्हणाला, "टीचर, प्लीज ओपन द लाइट." त्यांचा 'खाय' हा शब्द दारही उघडतो, दिवाही लावतो, मोटारही चालवतो आणि सभाही भरवतो. मी तोऱ्यात 'ओपन' आणि 'स्विच ऑन' यांतला फरक फळ्यावर मांडला. त्याने विचारले, "तुमच्या भाषेत दोन्हींना काय म्हणतात?" मी सांगितले, दिवा 'लावतो'. दार? दारही 'लावतो'. पण दिवा लावला की उजेड होतो, आणि दार लावले की ते बंद होते! शिवाय आम्ही झाड लावतो, मलम लावतो, मुलांना शिस्त लावतो आणि कधीकधी मुले आम्हांला वेड लावतात. त्याने वही मिटली. मराठी शिकण्याचा विचार त्याने त्याच क्षणी सोडला असावा.

पण एका शब्दाने मला खरे शहाणे केले. दुकानदारांनी निबंधात लिहिले, "माझ्या फॅमिलीला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर आहे." चिनी 'चिया' म्हणजे इमारत, संसार आणि घरची माणसे, तिन्ही एकदम. त्या अक्षरात छपराखाली एक डुक्कर आहे. जनावर दावणीला असले म्हणजे घर नांदते झाले, असा त्याचा अर्थ सांगतात. 'हाउस', 'होम', 'फॅमिली' असे तीन तुकडे त्यांनी कधी केलेच नाहीत. आणि आपण? 'घर बांधले', 'घरची आठवण येते', 'घरी विचारून सांगतो'. आमच्याकडचे पुरुष घरी विचारून सांगतो म्हणतात, तेव्हा ते भिंतींना विचारीत नाहीत, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे!

उलट इंग्रजी जिथे कंजूष होते, तिथे आमचे चांगले जमले. 'कझिन' हा एकच शब्द सांगताच नर्सबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे चुलत भावंडे निराळी, आते-मामे-मावस निराळी, त्यांतही वडील-धाकटी निराळी. त्या स्वतः एकुलत्या एक. एका मुलाचा नियम तिथे १९८० च्या सुमारास आला तो २०१५ अखेरपर्यंत टिकला, त्या पिढीतल्या. मामेबहिणीला त्या 'माय सिस्टर' म्हणत. मी एकदा खोडून 'कझिन' केले. त्या हळूच म्हणाल्या, "लाओशी, मला दुसरी बहीण नाही." मी खोडलेले पुन्हा लिहिले.

त्या रात्री मला माझ्या शाळेतला एक मुलगा आठवला. 'माय मदर क्लोज्ड द लाइट' असे त्याने लिहिले होते. आईने दिवा बंद केला, एवढेच त्याला सांगायचे होते. ते वाक्य मी त्याला पन्नास वेळा लिहायला लावले होते. तो आळशी नव्हता. त्याच्या भाषेत जिथे एकच प्रशस्त खोली होती, तिथे इंग्रजीने मध्ये भिंत घातली होती, आणि पोर अंधारात तिच्यावर आपटले होते. भिंत दाखवणे हे माझे काम होते. मी आपटल्याबद्दल शिक्षा केली.

भाद्रपदातली पौर्णिमा जवळ आली. चीनमध्ये हा मोठा सण. चंद्राच्या आकाराच्या गोड पोळ्या खायच्या, आणि घरच्यांनी एकत्र जमायचे. आजोबांनी पत्राचा कच्चा खर्डा आणला. हवा, मांजर, नवे चष्मे, सारे ठीक होते. शेवटी ओळ होती, 'आय थिंक यू.'

मी म्हटले, "आजोबा, इथे 'आय मिस यू' हवे." त्यांनी खिशातला शब्दकोश काढून 'मिस' पाहिले. पहिलाच अर्थ, हुकणे. ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग नर्सबाईंकडून त्यांनी मला विचारले, "बस मिस होते. गाडी मिस होते. ती निघून गेलेली असते. माझी नात निघून गेली आहे का?"

मला उत्तर सुचेना. कारण मराठीतही बस चुकते, आणि माणूस दूर गेले की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. इंग्रजीने आणि आपण एकाच गोष्टीला हात घातला होता. मला ती इतक्या वर्षांत दिसली नव्हती. मी त्यांना तेच सांगितले. आजोबांनी मान डोलावली आणि फळ्यावर एक अक्षर काढले, 'शियांग'. विचार करणे, हवेसे वाटणे, आठवण येणे, सारे त्या एकात. त्याच्या तळाशी बोट ठेवून ते म्हणाले, "इथे हृदय आहे. ज्याचा मी विचार करतो, ते गेलेले नसते."

शेवटी त्यांनी दोन्ही लिहिले. वर लाओशींचे 'आय मिस यू', खाली त्यांचे 'आय थिंक यू'. तांबडी पेन्सिल माझ्या हातात होती. मी ती पर्समध्ये ठेवली.

रस्त्यावरच्या झाडांची पाने गळू लागली तेव्हा टोरांटोहून उत्तर आले. पत्र इंग्रजीत होते, आणि खाली वेड्यावाकड्या रेघांत एकच चिनी अक्षर काढले होते. आजोबांनी कागद माझ्यापुढे धरला. 'शियांग'! पण खालच्या हृदयाला तीन ठिपके लागतात, तिने दोनच दिले होते.

"लाओशी, चूक आहे," आजोबा म्हणाले. मी सवयीने पेन्सिल पुढे केली. त्यांनी हसून मान हलवली, कागदाची नीट घडी घातली, आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिली.