दारातला एक शब्द

आमच्या घरी कुणी न सांगता बाहेर पडलेलं आजीला चालत नसे. दारातून नुसतं ‘येतो’ म्हणायचं, आतून ‘ये’ असं उत्तर आलं की चपला पायात. तेवढ्या शब्दावरून आतल्यांना कळायचं, की आता या माणसाला हाक मारून उपयोग नाही. ही सवय मला प्रोग्रॅमिंगमध्ये पुन्हा आठवेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. तीन ओळींचं एक फंक्शन होतं: लॉक घ्या, नोंद लिहा, लॉक सोडा. दोन-तीन दिवसांनी एकदा सगळी सिस्टीम थिजायची. त्या तीन ओळी मी रात्रभर वाचल्या; त्यांत काहीच वावगं दिसेना. पहाटे उलगडा झाला. मधल्या ओळीने बोलावलेल्या कामात, चार पायऱ्या खाली, क्वचित एक एक्सेप्शन फेकलं जायचं. तिथून थेट वरच्या ‘कॅच’पर्यंत उडी. तिसरी ओळ तशीच राहायची आणि लॉक कायमचं अडकायचं. दुरुस्तीला एक ‘फायनली’ पुरलं. पण ते तिथे हवं, हे मधल्या ओळीकडे पाहून कुणाला कळणार होतं?

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1968 साली ‘गो-टू’ या उडी मारायच्या आज्ञेविरुद्ध लिहिलेल्या पत्राचा गाभा हाच आहे. कागदावर मांडलेला प्रोग्रॅम आणि काळात घडणारं त्याचं काम यांतलं अंतर कमी ठेवा, कारण घडत्या गोष्टी मनात उभ्या करण्याची माणसाची ताकद तोकडी असते. ‘गो-टू’ निदान लिहिलेला तरी दिसतो. एक्सेप्शन ज्या ओळीतून निसटतं, त्या ओळीवर त्याचा मागमूसही नसतो.

म्हणून प्रत्येक चूक जिथल्या तिथे उघड तपासावी, असं मी म्हणायचो. टीममधल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीला ते पटत नसे. “अरे, प्रत्येक पावलाला चूक तपासत बसलास, तर मूळ काम वाचणार कसं?” ती म्हणायची. तिचं खरं होतं. 2009 साली जगासमोर आलेल्या गो भाषेत चूक हे साधं मूल्य म्हणून परत येते आणि ती तपासायला बहुतेक कॉलनंतर तीन ओळी लिहाव्या लागतात. सगळं उघड्यावर, पण तेच तेच वाचून डोळे त्या ओळींवरून घसरू लागतात. जावाने काही एक्सेप्शन्स एक तर तिथेच हाताळायची किंवा मेथडच्या मथळ्यात जाहीर करायची सक्ती केली. कंटाळलेल्या लोकांनी रिकामे ‘कॅच’ लिहून चुका गिळून टाकल्या. गोंगाटातही गोष्टी हरवतात, हे मी तिच्याकडून शिकलो.

मग हवं काय? मला उत्तर मराठीच्या व्याकरणात सापडलं. ‘जेवलास?’ या वाक्यात कर्ता अध्याहृत आहे, तरी घोटाळा होत नाही. क्रियापदाला चिकटलेला ‘स’ तो कर्ता सांगतो. गोष्ट अध्याहृत ठेवायला हरकत नाही, तिची खूण मात्र वाक्यात उरली पाहिजे. रस्ट भाषेत 2016 साली अशीच खूण आली: कॉलच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह. चूक आली तर ती घेऊन इथूनच परत फिरायचं, एवढं ते सांगतं. स्विफ्टमध्ये हेच काम कॉलआधीचा ‘ट्राय’ करतो. तो विसरलात तर कंपायलर अडवतो. मूळ काम सलग वाचता येतं आणि वाट कुठे फुटू शकते तेही दिसतं.

याने सगळं सुटत नाही. रस्टमध्येही ‘पॅनिक’ आहेच. अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर हात घातला तर काम मध्येच मोडतं, आणि त्याची खूण ओळीवर नसते. प्रत्येक अपघाताची पाटी लावता येत नाही. पण फाइल न सापडणं, नेटवर्क तुटणं, ही रोजची जाणी-येणी आहेत. त्यांनी तरी न सांगता जाऊ नये. भाषा घडवणाऱ्यांनी लिहिणाऱ्याच्या सोयीआधी, रात्री दोन वाजता परका कोड उघडून बसलेल्या वाचणाऱ्याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

कुठे निघालास, कशाला, कोणाबरोबर, हे आजी कधी विचारत नसे. दारातला एक शब्द तिला पुरायचा. तो मात्र तिने कुणालाही माफ केला नाही.