अहो, दाणे ऐकू यायला हवेत!

स्वयंपाकघरातलं सगळ्यात कमी मानाचं काम कुठलं असेल तर ते दाणे भाजण्याचं. पोळी टम्म फुगली की पाहुणे वाहवा करतात, पुरणाला हात कुणाचा लागला याची चौकशी होते; पण "काय सुरेख दाणे भाजलेत हो!" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. म्हणूनच की काय, हे काम बहुधा घरातल्या रिकाम्या दिसणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडतं. सुटीवर आलेला भाचा, वर्तमानपत्र वाचून संपलेले यजमान. "एवढे हलवत राहा, आलेच मी," असं सांगून गृहिणी दारावरच्या भाजीवाल्याकडे जाते. परत येते तेव्हा अर्धे दाणे काळे, अर्धे कच्चे! आणि मग मात्र सगळ्यांना कळतं. साबुदाण्याच्या खिचडीत करपलेला एक दाणा दाताखाली आला की सगळा घास कडू होतो, आणि कच्चट राहिलेल्या दाण्यांचा कूट तिखटमीठ कितीही घातलं तरी कच्चटच लागतो.

यात हलवणाऱ्याचा आळस असतोच, पण सगळा दोष त्याचा नाही. दाणा गोलसर. कढईला तो टेकतो तो तिळाएवढ्या जागेवर. तेवढीच जागा भराभर तापते आणि वरची बाजू गारच राहते. त्यातून दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा, पाव भाग प्रथिनांचा. म्हणजे करपायला काय वेळ? सुरुवातीला दाण्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, तोवर रंग फारसा बदलत नाही. पाणी सरलं की दाण्यातली साखर आणि प्रथिनांमधली द्रव्यं एकमेकांशी भिडतात आणि तो खमंग वास सुटतो. 1912 साली मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं या क्रियेचं वर्णन केलं. पावाच्या कवचाला आणि भाजलेल्या कॉफीला रंग-वास येतो तो याच क्रियेतून. गंमत म्हणजे पहिली दहा मिनिटं दाण्यांना काही होत नाही म्हणून माणूस बेसावध होतो, आणि शेवटची दोन मिनिटं सगळा खेळ उरकतात.

भडभुंज्यानं यावर फार पूर्वीच उत्तर शोधलं. त्याच्या भट्टीवरच्या कढईत तापलेली वाळू असते. दाणा वाळूत बुडाला की चहूबाजूंनी एकसारखी आच लागते, आणि चाळणीतून वाळू खाली, दाणे वर! भरूचची खारी शिंग खाल्लेल्याला भाजण्याची ही कला कुठवर जाऊ शकते ते सांगायला नको. गाडीनं नर्मदेचा पूल ओलांडताना शिंगेच्या पुडीची आठवण होत नाही असा बडोदेकर विरळाच. पण घरच्या गॅसवर वाळूची कढई कोण चढवणार? वाळू ठेवायची कुठे, आणि कूट करताना दाताखाली खडा आला तर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्यात 1998 साली या प्रश्नाला जरा वेगळंच वळण लागलं. तिथल्या काकू वर्षानुवर्षं दाण्याचा कूट आणि लाडू करून आसपासच्या दहा-बारा मराठी घरांना द्यायच्या. आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र, दर महिन्याची संकष्टी. उपासांच्या दिवसांत तर त्यांना उसंत नसे. मिळकत फार नव्हती, पण ती त्यांची स्वतःची होती. यजमानांच्या पगाराचा हिशेब यजमानांच्या वहीत आणि कुटाचे पैसे काकूंच्या डब्यात, हे लग्नानंतर तिसऱ्या वर्षापासून ठरून गेलेलं. त्या डब्यातूनच मुलीची पहिली सायकल आली होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकूंचा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी घालायला शेजारची मुलगी बोलवावी लागे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल असंही सांगितलं. ओट्यावरच्या कढईत वीस वीस मिनिटं उलथनं फिरवायचं तर दंड अंगापासून दूर, वर उचलून धरावा लागतो, आणि नेमकं तेच होईना. डाव्या हातानं दोन घाणे काढून बघितले. ते लागले. काकूंनी ते दाणे कुणाला दिले नाहीत, घरच्या चटणीत घातले आणि आषाढीच्या आधी गिऱ्हाइकांना निरोप धाडला की या वर्षी जमणार नाही.

यजमान, म्हणजे वाड्याचे नाना, आदल्याच वर्षी पंपांच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त फिटर घरात असणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनाच ठाऊक! नळ गळत नसला तरी तो उघडून बघितला जातो. बायकोचा निरोप गेलेला त्यांनी ऐकला आणि त्याच संध्याकाळी कागदावर रेघोट्या मारायला बसले.

पहिलं यंत्र झालं ते झाकणाचं. जाड बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, झाकणाला मधोमध भोक, त्यातून आत उतरलेली सळई, तिच्या टोकाला बुडाला घासत फिरणारी तार आणि वर मूठ. मूठ फिरवली की आतले दाणे हलतात. कल्पना वाईट नव्हती. मक्याच्या लाह्यांसाठी अशी भांडी मिळतातच. पण मका फुटून वर उडतो, दाणा तसाच तळाशी पडून राहतो. तारेखाली सापडून त्याच्या पाकळ्या सुटल्या, लाल सालं चुरडून तळाशी करपली. शिवाय दाण्यातली वाफ झाकणाला अडून पुन्हा आतच. दाणे भाजल्यासारखे दिसत होते, पण दाताखाली लिबलिबीत.

काकूंची तक्रार मात्र निराळीच होती. "अहो, मला काही ऐकूच येत नाही!"

"ऐकायचं काय त्यात?" नानांनी विचारलं.

यावर काकूंनी जे सांगितलं ते कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाच्या तोडीचं आहे. दाणे आधी मुके असतात. मग एखादा तडकतो. मग तडतड वाढत जाते आणि साल बोटानं चोळली की सुटायला लागते. तडतड ओसरायला लागली आणि वासातला कच्चेपणा गेला की गॅस बंद करायचा. रंग पुरता यायची वाट बघायची नाही, कारण दाणे कढईबाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेनं भाजत राहतात. म्हणून लगेच परातीत पसरायचे. चाळीस वर्षांच्या संसारात नानांनी ही माहिती पहिल्यांदा ऐकली. इतकी वर्षं ते दाणे खात होते!

दुसरा बेत पिंपाचा. पूर्वी एका तमिळ सहकाऱ्याच्या घरी त्यांनी कॉफीच्या बिया भाजायचं लोखंडी नळकांडं पाहिलं होतं. आडवं, दोन्ही टोकांना टेकू, एका बाजूला मूठ, खाली निखारे. तसंच गॅसवर का होऊ नये? घरात तेलाचा रिकामा डबा होता, पण तो त्यांनी हातात घेऊन खाली ठेवला. डब्याच्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो, आणि कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं. रिकामा पत्रा आचेवर तेवढा सहज तापतो. जस्त चढवलेल्या पत्र्याचं तर नावच नको, तो तापवून त्यात खायचं काही करू नये. (घरी असले उद्योग करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावंच.) शेवटी साधा स्टेनलेस स्टीलचा पत्रा घेऊन ते मकरपुऱ्यातल्या एका ओळखीच्या वेल्डरकडे गेले. "काका, आ शुं बनावो छो?" त्यानं विचारलं. शिंग भाजायचं यंत्र, म्हटल्यावर त्यानं मजुरी घेतली नाही, मात्र पहिल्या घाण्यातली मूठभर शिंग कबूल करून घेतली.

पिंप फिरलं, पण आतले दाणे फिरेनात. गुळगुळीत पत्र्यावरून सगळा ढीग घसरत एकाच जागी बसून राही. मग आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या उंचीच्या तीन पट्ट्या लावल्या. पट्टी दाण्यांना वर उचलते, वरून ते कोसळतात, आणि उचलताना-कोसळताना सगळे दाणे आचेसमोर येऊन जातात. हे साधलं. त्यातही एक तृतीयांशापेक्षा जास्त भरलं तर कोसळायला जागा राहत नाही, हे तिसऱ्या घाण्याला कळलं. वाफ जायला भोकं पाडली तर त्यातून सालं बर्नरवर पडून पेटू लागली आणि बर्नरची भोकं बुजली. ती भोकं बंद करून टोकांना पाडली. आणि एवढं सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, "पण दिसत नाही हो. आणि तुमच्या पत्र्याचा खडखडाट एवढा, की दाण्याचं काही कळत नाही."

इथे नाना चिडले. ते साहजिक होतं. दोन दिवस कागद-पेन्सिल बंद. तिसऱ्या दिवशी काकूंनी शेजारणीला तयार कूट आणायला दुकानात पाठवलं, घरच्या उपासासाठी, आणि ती पिशवी ओट्यावर नानांना दिसेल अशी ठेवली. मुद्दाम ठेवली की नाही, यावर वाड्यात दोन मतं आहेत.

उत्तर समोरच्या गल्लीतच होतं. तिथे इमारतीचं काम चालू होतं आणि काँक्रीट कालवायचं यंत्र दिवसभर घरघरत असे. तिरपं पिंप, वरचं तोंड उघडं, आतल्या पट्ट्या माल उचलून पुन्हा खाली टाकतात, आणि झालं की तोंड खाली करून सगळं ओतून टाकायचं. झाकण नाही, दार नाही, भोकं नाहीत! वाफ तोंडातून जाईल, सुटलेली सालं वर येतील ती फुंकरीनं उडतील, आणि दिसणं, ऐकू येणं, वास येणं सगळंच आपोआप.

मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा एक उभट गंज आला. बुडाच्या बरोबर मध्यावर सळई वेल्ड केली. मध्य जरा चुकला तरी भांडं लंगडत फिरतं, म्हणून एवढं एकच माप नानांनी चार वेळा तपासलं. लोखंडी पट्टीचं तिकाटणं केलं, ते शेगडीवर असं बसतं की गंजाच्या खालच्या कुशीत आणि ज्योतीत दोन बोटांचं अंतर राहावं. सळईच्या टोकाला जुन्या लाटण्याची मूठ, कारण लोखंड तापतं. पाव किलो दाणे, मध्यम आच. गंज तापला की मंद.

यंत्र शेगडीवर बसलं. काकू उंच स्टुलावर बसल्या, आणि मूठ होती उजवीकडे.

"उजवा हात तर धरलाय ना माझा!"

इतक्या खटाटोपात ही गोष्ट नानांनी विचारलीच नव्हती. खांदा दुखतो एवढं त्यांना माहीत होतं. कुठला हात कुठे जातो, किती वर जातो, बसून कोपर अंगाशी ठेवून फिरवता येईल का, हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदा बोललं गेलं. नशीब एवढंच की तिकाटणं दोन्हीकडून सारखं होतं. उलट फिरवून ठेवलं, मूठ डावीकडे आली. काकू सावकाश फिरवू लागल्या. पाच-सहा मिनिटांनी एक दाणा तडकला. काकूंनी मान जराशी कलती केली. नाना काही बोलायला गेले तर हातानंच गप्प केलं.

बाराव्या मिनिटाला दाणे परातीत ओतले गेले. एकही काळा नव्हता. दोन-चार फिकट होते, पण ते यंत्राचं पाप नव्हतं. दुकानदारानं जाड्या दाण्यांत बारीक घुंगरू दाणे मिसळून दिले होते, आणि लहानमोठे एकत्र भाजले की कुठलंही भांडं हार खाणारच.

दाणे निवडायचं काम मात्र कुठलंच यंत्र करत नाही. काकू सुरकुतलेले, काळपटलेले, बुरशीची शंका येणारे दाणे आधीच वेचून टाकत, आणि त्यात कडवटपणाच्या भीतीपेक्षा जास्त शहाणपण आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, आणि शोध घेता त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात ते हेच. भाजल्यानं ते काहीसं कमी होतं, पुरतं जात नाही. तेव्हा दाणा वाईट दिसला की टाकावा, काटकसर दुसरीकडे करावी.

आता मायक्रोवेव्हमध्येही दाणे भाजतात. ते काम झटपट होतं, खांद्याला त्रास नाही. पण त्यात दाणा आतूनही तापतो, म्हणून वरून साल होती तशीच दिसते आणि फोडून पाहावं तर आत काळा. मिनिटा-मिनिटाला थांबवून, हलवून, एक दाणा फोडून बघणं एवढाच त्यावर उपाय.

1998च्या श्रावणात पहिल्या सोमवारच्या आधी काकूंनी गिऱ्हाइकांना दुसरा निरोप धाडला. पाव-पाव किलोचे घाणे, त्यामुळे वेळ दुप्पट लागे; पण बसून लागे. नाना शेजारी बसून दाणे चोळायचे आणि सुपात पाखडायचे, सालं घरभर उडवायचे, बोलणी खायचे. मकरपुऱ्याच्या वेल्डरला पुडी पोचली. नवरात्राच्या सुमारास वाड्यातल्याच एका वहिनींनी नानांना असंच यंत्र करून द्यायला सांगितलं. काकूंनी आतूनच आवाज दिला, "अहो, तिला आधी विचारा, मूठ कुठल्या बाजूला हवी!"