आंबणे आणि नासणे

मराठीत दूध नासते आणि पीठ आंबते. सूक्ष्मजीव दोन्हींकडे असतात. पण पहिल्या क्रियापदात हळहळ आहे, दुसऱ्यात प्रतीक्षा. शिवाय विरजण लागते, लोणचे मुरते, ताडी फसफसते. या साऱ्या क्रिया शास्त्राच्या दृष्टीने एक नव्हेत. परंतु प्रत्येकीत काळ आपले काम करतो, आणि ते काम आपल्याला हवे होते की नको, याचा निवाडा क्रियापद करून टाकते.

जुना डीप फ्रीझर विकत घेण्यामागे आमची ओढ याच क्रियापदांची होती. नगरमधले (जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या जिभेवर अद्याप नगरच आहे) एक आइस्क्रीमचे दुकान बंद होत होते. मालकांनी पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा फ्रीझर साडेचार हजारांना दिला. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली; ती घट्ट बसत होती. मेकॅनिकने आधी मागची पाटी वाचली. फार जुन्या यंत्रांत आर-१२ हा वायू असे. ओझोनच्या थराला तो घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बाद झाला. आमच्या फ्रीझरवर आर-१३४ए असे लिहिलेले होते. भिंतीला भोक पाडू नका, थंडाव्याच्या नळ्या आतून फिरलेल्या असतात, एवढे बजावून तो गेला.

मग बाहेरून तापमान-नियंत्रक जोडला. त्याची संवेदक तार झाकणाच्या कडेने आत सोडली आणि आकडा २६ अंशांवर ठेवला. पारा त्यावर चढला की काँप्रेसर सुरू होतो, उतरला की बंद. दोन्हींत काही मिनिटांची विश्रांती ठेवावी लागते, अन्यथा यंत्रावर ताण येतो. नगरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि इडलीचे पीठ दुपारपर्यंत आंबटढाण होते; जानेवारीच्या रात्री तेच पीठ हलत नाही, तेव्हा आत एक बल्ब लावतो. काळ गोठवण्यासाठी बनलेली पेटी आता त्याला बेताने चालवते.

इडलीचे पीठ फुगवणाऱ्या जिवाणूंत ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडीस हा प्रमुख. ऊसवाल्या जिल्ह्यात त्याची दुसरी ओळखही आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की हाच जिवाणू त्यातील साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ तयार करतो. उतारा घटतो, रस गाळणे अवघड होते. आमच्या पातेल्यात जे आंबणे, ते कारखान्याच्या गव्हाणीत नासणे. जिवाणूला अर्थात यातला भेद ठाऊक नाही.

याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला; त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. साखर काढून उरलेल्या मळीत यीस्ट सोडले की मद्यार्क मिळतो, आणि परवाना असेल तर तो उद्योग ठरतो. तेच यीस्ट घरच्या बरणीत माल्टच्या काढ्यात सोडणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशात राहून आलेल्या एका स्नेह्यांनी फ्रीझर पाहताच बिअरचा विषय काढला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती घरी करण्याची मुभा मिळाली, आणि असे जुने फ्रीझर तेथील हौशी मंडळी त्याचसाठी शोधत असतात. आम्ही नकार दिला. कायदा हे त्याचे एक कारण होते.

दुसरे कारण शेजारच्या मावशींचे. पारनेर तालुक्यातल्या. त्याच तालुक्यातले राळेगणसिद्धी एकेकाळी दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाई. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने त्या बंद झाल्या. मावशींच्या गावी मात्र तसे कोणी आले नाही, आणि त्यांच्या यजमानांना दारूने नेले. पावाचे आंबवण काढायला आम्ही झाकण उघडले, तेव्हा त्या दारात होत्या. आंबूस, किंचित गोडसर वास आला. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, “यात काय ठेवलंय वो?”

आम्ही सविस्तर सांगितले. पिठातले यीस्ट, पावाची जाळी, भाजताना उडून जाणारा अल्कोहोलचा अंश. फेब्रुवारी २०१७ मध्ये पांगरमलला विषारी दारूने माणसे दगावली, तो विषय त्यांनीच काढला. निव्वळ धान्य आंबल्याने असे विष होत नाही, मिथेनॉल मिसळल्याने होते, हेही आम्ही सांगितले. सारे बिनचूक होते. मावशींनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “वास त्योच हाय.”

वाङ्मयाच्या वर्गात आम्ही शब्दाच्या अर्थच्छटांविषयी तासन्‌तास बोलतो. आंबणे या शब्दाची मावशींना ठाऊक असलेली छटा कोणत्याही कोशात नाही, आणि शास्त्रीय खुलाशाने ती पुसलीही जात नाही. पाव आम्ही अजूनही करतो. फक्त झाकण सकाळी लवकर, त्या अंगणात येण्यापूर्वी उघडतो. भाजलेला पाव त्या घेतात, चहाबरोबर खातात, आणि जरा आंबट झालाय, असे सांगतातही.