नसेचं माप

मनगटाची सोनोग्राफी म्हटलं की पेशंट चिठ्ठी पुन्हा वाचतात. सोनोग्राफी पोटाची असते, हा समज पक्का! पण मनगटातली मीडियन नर्व्ह ही नस त्वचेखाली इतकी वरवर असते की हाय फ्रिक्वेन्सीच्या प्रोबला तिच्यातले धागेही दिसतात. तळव्याच्या सुरुवातीला, पिसिफॉर्म हाडाच्या रेषेत प्रोब आडवा ठेवायचा. मनगटाच्या बोगद्यात बोटांच्या नऊ कंडरा, आणि त्यांच्या दाटीत ही नस, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार. प्रोब किंचित कलता केला की कंडरा काळवंडतात, नस फारशी नाही. दोघी ओळखू येतात त्या अशा.

दबलेल्या नसेची जाळी पुसट होते आणि बोगद्याच्या तोंडाशी ती फुगते. छेदाचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की संशय घ्यायचा. इथवर सोपं आहे.

अवघड काम नंतरचं. रात्री मनगटाला बांधायचा पट्टा किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं की सर्जन विचारतात, "सूज उतरली का?" आधी १३ होतं, आता १२. नस खरंच उतरली, की माझा कर्सर जरा आतून फिरला? रेघ नसेच्या पांढऱ्या किनारीच्या आतून काढायची, हा नियम. पण सुजलेल्या नसेची किनारच धूसर असते. त्यात प्रोब जरा दाबला की नस चपटी होते. म्हणून मी जुना रिपोर्ट उलटा ठेवते, दोन-तीनदा मोजून सरासरी घेते आणि तीच नस कोपराच्या दिशेने वर जाऊन, जिथे ती दबलेली नसते तिथेही मोजते. प्रत्येकाची नस मुळात सारख्या जाडीची नसते. तुलना तिची तिच्याशीच व्हावी.

एवढं करूनही आकडा आणि आराम यांची जोडी जमेलच असं नाही. शिलाईकाम करणारी एखादी बाई महिनाभर पट्टा बांधून येते आणि म्हणते, "मॅडम, आता झोप लागते." पडद्यावर नस होती तेवढीच. उलटही होतं: इंजेक्शननंतर सूज उतरते, काही महिन्यांनी मुंग्या परत येतात. त्यामुळे जेल लावतानाच मी विचारते, रात्री हात झटकायला उठावं लागतं का? उत्तर रिपोर्टमध्ये लिहिते. रेडिओलॉजीच्या रिपोर्टात हे कशाला, असं काहींना वाटतं. वाटू दे.

अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला दिसला, तर मात्र आकडा कितीही उतरलेला असो, मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता सर्जनना फोन करते.