बीबीचा फौजी विद्यार्थी

"चार दिवस रजा हवी, बीबीला जायचे आहे," असे कचेरीत सांगितले, तेव्हा सारेजण हसले. "अहो, बीबी तर तुमच्या घरातच आहे की!" आमचे हेडक्लार्क म्हणाले. शेवटी खुलासा करावा लागला, की बीबी हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातले एक गाव असून ते आमचे आजोळ आहे. आणि हो, घरची मंडळीही बरोबर येणार आहेत.

लहानपणी दर दिवाळीला आईचे बोट धरून मी तिथे जात असे. पुढे मामा गेले, आई गेली आणि जाणे तुटले ते तुटलेच. मागल्या थंडीत लोणारचे सरोवर पाहायचेच असा सौ.ने हट्ट धरला, म्हणून तब्बल तीस वर्षांनी बीबीचा योग आला.

जालन्याहून मेहकरकडे जाणारी एस.टी. सिंदखेडराजावरून जाते. जिजाऊंचे हे जन्मगाव, साल 1598. गाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात इथे आपोआप जोडले गेले. पुढे खडकपूर्णेचा पूल लागला, दुसरबीड लागले. दुतर्फा काळीभोर जमीन. कापणीला आलेल्या तुरी, कपाशीच्या शेवटच्या वेचण्या, घाटे धरू लागलेला हरभरा. बीबी आली तेव्हा उन्हे कलली होती, आणि स्टँडवर माझा मामेभाऊ उभा होता. ताठ, जणू काही पाहणीलाच कोणी साहेब येणार आहे!

हा मामेभाऊ फौजी. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, सतरा वर्षांनी हवालदार होऊन परतला. आता वय एकेचाळीस. शेती करतो, पेन्शन घेतो. गावात त्याला नावाने कोणी हाक मारीत नाही. सगळ्यांचा तो 'फौजी'.

रात्री ज्वारीची भाकरी आणि वांग्याचे भरीत अशी मेजवानी झाली. मग ओसरीवर बाज टाकून आम्ही गप्पांना बसलो. मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, तसा तो आत गेला आणि आपली काळी लोखंडी ट्रंक ओढीत घेऊन आला. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर अजून तसाच. आत दोन फायली होत्या.

पहिली त्याने मोठ्या अभिमानाने उघडली. थोरली मुलगी नर्सिंगच्या पदवीला आहे. तिला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते. माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी ही योजना 2006-07 पासून आहे. साऱ्या देशात वर्षाला 5500 जणांना ती मिळते, त्यांत निम्म्या मुली. 2019 पासून मुलींना महिना 3000 आणि मुलांना 2500 रुपये असा दर आहे. धाकटा शाळेत आहे. त्याच्यासाठी संरक्षणमंत्र्यांच्या निधीतले शिक्षण अनुदान. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत ते मिळते. महिना 1000 रुपये होते. 2025 च्या 1 नोव्हेंबरपासून 2000 झाले. यासाठी बुलढाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो. पण फौजीच्या फायलीत कागद कसे एकाखाली एक, कवायतीत उभे असावेत तसे लावलेले!

"आणि ही दुसरी?" मी विचारले.

त्याने घाईघाईने झाकण लावले. "ते असंच आहे, दादा."

"बाबा, दाखवा ना काकांना!" मुलगी दारातून म्हणाली. "काका, बाबा बी.ए.ला बसलेत. दुसरं वर्ष आहे!"

फौजी चक्क लाजला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली निघाले, ते नेमक्या अशाच लोकांसाठी. घर, शेत, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. त्याचे नाव तिथे होते. पहाटे चारला उठायची फौजेतली सवय. गाव जागे होण्याआधी तो दोन तास वाचतो. गावात अजून कोणाला पत्ता नाही. "या वयात पाटीदप्तर, म्हणून हासतील लोक," तो म्हणाला.

"पण तुला गरज काय?" मी अजाणतेपणी विचारून गेलो. "दहावी झालेल्या शिपायाची पंधरा वर्षे सेवा भरली, की त्याला पदवीधर समजतात ना?"

"समजतात," तो शांतपणे म्हणाला. "गट क च्या सरकारी जागांसाठी समजतात. फौजेनं मले कागदावर ग्रॅज्युएट केलं, दादा. पन कोन्या कालेजात शिकलात, असं इचारलं की मी गप बसतो. समजनं येगळं आन् असनं येगळं."

मला उत्तर सुचले नाही. मग वाचलेली एक गोष्ट आठवली ती सांगितली. दुसरे महायुद्ध संपायच्या आत, 1944 च्या जूनमध्ये, अमेरिकेने एक कायदा केला. लढाईवरून परतलेल्या शिपायाला शिकायचे असेल, तर त्याची फी आणि दरमहा निर्वाहाचा पैसा सरकार देईल. 1956 पर्यंत अठ्ठ्याहत्तर लाख शिपायांनी शिक्षण नाही तर प्रशिक्षण घेतले. त्यांतले बावीस लाख कॉलेजांत गेले. 1947 साली तिथल्या कॉलेजांतला जवळजवळ प्रत्येक दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता! आजही तिकडचे कितीतरी शिपाई गावाजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात याच सवलतीवर शिकतात.

फौजी ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे लेकरायले नाही? शिपायाले सोताले?"

त्या एका प्रश्नाने मला ट्रंकेतल्या दोन फायलींमधला फरक कळला. पहिल्या फायलीत सरकारचे शिक्के होते. दुसरीत फक्त फीच्या पावत्या, आणि त्या त्याने पेन्शनमधून भरलेल्या. आपण शिपायाच्या मुलांना शिकवतो, हे फार चांगले करतो. निवृत्तीच्या तोंडावर शिपायाला कामधंद्याचे प्रशिक्षणही मोफत देतो. पण शाळेच्या बाकावरून उठून जो सरहद्दीवर गेला, त्याला पुन्हा बाकावर बसायचे असेल, तर पहिल्या फायलीतल्या दोन्ही योजनांत त्याच्यासाठी ओळ नाही. आणि आपण मराठी माणसांनी तरी हे विसरू नये. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि लष्कराच्या शाळेत हेडमास्तरही होते. शिकलेल्या शिपायाच्या घरात काय घडते, ते आपण पाहिले आहे.

फौजीच्या बायकोचे म्हणणे निराळे. "भाऊजी, पोरीचं शिक्षण होऊ द्या म्हनते मी आधी," ती चहा देताना म्हणाली. "फीचा पैसा लेकरांसाठी ठेवला असता." तिचेही खोटे नव्हते. फौजी काही बोलला नाही.

पहाटे पावलांच्या आवाजाने जाग आली. मेहकर रस्त्यावर अंधारात दहाबारा पोरे धावत होती, आणि हातात घड्याळ घेऊन फौजी उभा होता. भरतीची तयारी! 2022 साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम. बाकीचे पेन्शनवाचून घरी. वय बावीस-चोवीस, आणि पुढे सारे आयुष्य. त्यांच्यासाठी इग्नूने पदवीचा अभ्यासक्रम आखला आहे. त्यात निम्मे श्रेयांक फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. हे फौजीला पाठ होते. धावून दमलेल्या पोरांना तो बजावीत होता, "बारावी सोडून कोनी यायचं नाही. आन् तिथं गेल्यावर पुस्तक सोडायचं नाही."

एक पोरगा हसून म्हणाला, "काका, तुमी कुठं शिकलात?"

मी श्वास रोखला. फौजीने माझ्याकडे एकवार पाहिले. "शिकतो आहे अजून," तो म्हणाला. "बी.ए.ले. उन्हाळ्यात परीक्षा आहे."

पोरे हसली नाहीत. ती नुसतीच बघत राहिली.

लोणार पाहिले. सौ. खूश झाली. आकाशातून पडलेल्या दगडाने बेसाल्टच्या खडकात केलेला तो पावणेदोन किलोमीटरांचा वाडगा पाहून कोणीही खूश होईल. पण परतीच्या गाडीत माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंकच होती.

निकालानंतर त्याचा फोनवर निरोप आला. "दादा, इंग्रजी राहिलं. बाकी निघाले. फॉर्म परत भरला. फी या खेपी हिनं दिली, तूर इकून. शक्य झाल्यास एक इंग्रजी-मराठी शब्दकोश पाठवावा. मोठ्या अक्षरांचा."

शब्दकोश दुसऱ्याच दिवशी पोस्टात टाकला. पत्त्यावर त्याचे नाव लिहिले, हुद्दा लिहिला, आणि खाली, जरा थांबून, 'विद्यार्थी, बी.ए.' असे लिहिले.