स्वरांचे रंग

एखाद्या गायकाचा गळा गोड आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या गळ्याची चव कोणी घेतलेली नसते. कोणाचे बोलणे तिखट असते, कोणाचे हसू कडवट असते, आणि मैफल तर चक्क रंगते! आपल्या संगीतातील ‘राग’ हा शब्ददेखील ‘रंगणे’ असा अर्थ असलेल्या संस्कृत धातूपासूनच आला आहे. एका इंद्रियाचे शब्द दुसऱ्या इंद्रियाला उसने देण्याची ही रीत भाषेत फार जुनी. पण ती झाली बोलण्याची रीत. मैफल रंगली म्हणून भिंतीवर तांबडा किंवा निळा रंग उमटलेला कोणी पाहत नाही.

कोणीच पाहत नाही, हे मात्र सर्वस्वी खरे नव्हे. जगात थोडी माणसे अशी असतात की, त्यांच्या कानी सूर पडला की मनश्चक्षूंपुढे रंग उभा राहतो. हे रंग ती मुद्दाम कल्पीत नाहीत. ते आपोआप येतात, आणि आज ज्या सुराला जो रंग दिसला, तोच वीस वर्षांनीही दिसतो. शास्त्रज्ञ या प्रकाराला ‘सिनेस्थेशिया’ म्हणतात. मराठीत त्याला सहसंवेदन म्हणता येईल. हा रोग नव्हे. बहुधा तो जन्माबरोबर येतो आणि जन्मभर सोबत करतो. फ्रान्समधील थोर संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ याला ही देणगी लाभली होती. देणगी म्हणावे की भार, हे ठरविणे कठीण आहे.

मेसियाँचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी आव्हिन्याँ या गावी झाला. वडील इंग्रजीचे शिक्षक, शेक्सपिअरच्या नाटकांचे भाषांतरकार. आई सेसिल सोव्हाज ही कवयित्री. पहिल्या महायुद्धात वडील सैन्यात गेले, तेव्हा आई मुलांना घेऊन ग्रनोबल येथे राहू लागली. तेथे सात-आठ वर्षांच्या ओलिव्हिएने एक खेळातले नाट्यगृह बनविले. मिठाईच्या खोक्यांवरचा पारदर्शक कागद तो जपून ठेवी, त्यावर जलरंग चढवी आणि तो खिडकीच्या काचेपुढे उभा करी. बाहेरचे ऊन त्या कागदातून गाळून येई आणि चिमुकल्या रंगमंचावर रंगीत प्रकाश पसरे. मग हा मुलगा शेक्सपिअरच्या नाटकांतील सगळी पात्रे स्वतःच होऊन धाकट्या भावाला नाटक म्हणून दाखवी. प्रेक्षक एकच, परंतु प्रकाशयोजनेत कसूर नाही!

पुढे कुटुंब पॅरिसला आले. दहा-अकरा वर्षांच्या या मुलाला एके दिवशी सेंत शापेल हे प्रार्थनामंदिर पाहावयास मिळाले. हे मंदिर १२४८ साली पूर्ण झाले. त्याच्या वरच्या मजल्यावर दगडी भिंत जवळजवळ नाहीच. पंधरा उंचच उंच खिडक्या आहेत आणि त्या रंगीत काचांच्या शेकडो चित्रांनी भरल्या आहेत. ऊन चढले की आतील फरशी, खांब, माणसांचे चेहरे, सारे निळ्या आणि तांबड्या प्रकाशात न्हाऊन निघते. त्या क्षणाचा ठसा मेसियाँच्या मनावरून कधीच पुसला गेला नाही. कागदाच्या तुकड्यांतून जे तो घरी करू पाहत होता, तेच येथे कोणी सातशे वर्षांपूर्वी काचेत करून ठेवले होते.

आता त्याला रंग दिसत म्हणजे काय होत असे? डोळ्यांपुढे प्रत्यक्ष काही चमकत नसे; रंग मनात दिसत. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून स्वरमेळ साधतात. अशा प्रत्येक स्वरमेळाला त्याच्या मनात ठरलेला रंग होता, आणि तोही साधा नव्हे. एका विशिष्ट स्वरमालेतील स्वरमेळ त्याला निळसर जांभळ्या खडकासारखे दिसत. त्या खडकावर करड्या रंगाचे छोटे चौकोन विखुरलेले असत. दुसऱ्या एका मालेत नारिंगी आणि सोनेरी छटा दिसे. तोच स्वरमेळ एका सप्तकाने वर नेला तर रंग तोच राही, मात्र उजळ होई. खाली नेला तर काळवंडे. पण केवळ अर्ध्या स्वराने सरकविला की रंग साफ पालटून जाई. ज्याला या गोष्टी मनाचे खेळ वाटतात, त्याने हा काटेकोर हिशेब ध्यानात घ्यावा.

चित्रकलेचे त्याला वेड होते ते याच कारणाने. रोबेर दलोने हा फ्रेंच चित्रकार त्याला सर्वांत प्रिय. दलोनेच्या चित्रांत रंगांची वर्तुळे एकमेकांना भिडलेली असतात, आणि शेजारच्या रंगामुळे प्रत्येक रंग अधिक झगझगीत वाटतो. एक छोटा प्रयोग कोणालाही घरी करता येईल. पांढऱ्या कागदावर लाल रंगाचा एक मोठा ठिपका काढावा, त्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावे आणि मग दृष्टी कोऱ्या कागदाकडे वळवावी. तेथे हिरवट ठिपका तरंगताना दिसेल. तो कागदावर नसतो. थकलेल्या डोळ्याने तो निर्माण केलेला असतो. मेसियाँ हे उदाहरण आवडीने देई. एक स्वर वाजविला की त्याच्या पोटातून आणखी सूक्ष्म स्वर उमटतात. तसाच एक रंग दुसऱ्याला हाक मारतो, असे त्याचे म्हणणे होते.

या देणगीत एक अडचण असते. दोघांचे रंग क्वचितच जुळतात. मेसियाँच्या आधी रशियात रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्र्याबिन हे दोन संगीतकार होऊन गेले. ‘डी मेजर’ ही स्वरावली पिवळी, याविषयी दोघांचे एकमत. परंतु ‘सी मेजर’ ही रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरी तर स्क्र्याबिनला लाल! मग ज्याला काहीच दिसत नाही, त्या श्रोत्याने काय करावे? मेसियाँचे खरे दुःख हेच होते. आपल्याला संगीतात रंग दिसतात असे आपण लोकांना सांगतो, पण त्यांना काही म्हणता काही दिसत नाही, ही आपल्या आयुष्यातली मोठी शोकांतिका आहे, असे तो म्हणे. तरी त्याने लिहिणे थांबविले नाही.

दुसरे महायुद्ध आले. दृष्टी अधू असल्यामुळे त्याला लढाईऐवजी रुग्णसेवेच्या पथकात घेतले होते. १९४० साली जर्मनांनी त्याला पकडले आणि ग्योर्लित्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत नेले. थंडी कडाक्याची, आणि पोटाला पुरेसे अन्न नाही. उपासमारीमुळे त्याला झोपेत रंगांची स्वप्ने पडत. एका जर्मन अधिकाऱ्याने त्याला कागद आणि पेन्सिली मिळवून दिल्या. कैद्यांत एक व्हायोलिनवादक, एक चेलोवादक आणि एक क्लॅरिनेटवादक होता. चौथा पियानोवर तो स्वतः. ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ ही आठ भागांची रचना त्याने या चौघांसाठी लिहिली. तिच्या एका भागात पियानोतून निळ्या-नारिंगी स्वरमेळांचे हळुवार धबधबे कोसळतात, असे त्याने तिच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. दुसऱ्या एका भागाचे तर नावच इंद्रधनुष्यांवरून ठेविले आहे. करड्या आकाशाखाली, करड्या झोपड्यांत १५ जानेवारी १९४१ रोजी ती प्रथम वाजविली गेली. पियानो मोडकळीस आलेला होता. चेलोला तीनच तारा होत्या असे मेसियाँ पुढे सांगत असे. चेलोवादक मात्र म्हणे, छे, चार होत्या! मोठ्या प्रसंगांना अशी कहाणी चिकटतेच. शेकडो भुकेले, कुडकुडणारे कैदी शांतपणे ऐकत बसले होते, ही गोष्ट मात्र खरी आहे.

या रचनेच्या पहिल्या भागात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. त्या ग्रंथात १२० देशी ताल दिले आहेत. त्यांची यादी मेसियाँला तरुणपणी एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि तो हरखून गेला. रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे ताल त्याने या चतुष्कात गुंफले. आपल्या एका भव्य सिंफनीला त्याने ‘तुरंगलीला’ असे संस्कृत नाव दिले. घोड्यासारखा धावणारा काळ आणि त्याची क्रीडा, असा त्याने अर्थ लावला होता. १९४९ साली ती बॉस्टन येथे प्रथम सादर झाली.

सुटकेनंतर १९४१ साली तो पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिक्षक झाला आणि १९७८ पर्यंत शिकवीत राहिला. त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्याचे काम त्याने १९३१ साली पत्करले होते. १९९२ साली मृत्यू आला तोवर ते सुटले नाही. उतारवयात रंगांचा ध्यास कमी होण्याऐवजी वाढला. १९६३ साली लिहिलेल्या एका रचनेच्या स्वरलिपीत तर त्याने स्वरांबरोबर रंगांची नावेही लिहिली, म्हणजे निदान वाद्यवृंदाच्या संचालकाला तरी कळावे की येथे पुष्कराजाचा पिवळा हवा की जांभळा!

अमेरिकेतील एका कलाप्रेमी बाईंनी त्याच्याकडून एक मोठी रचना मागितली. नगरांपेक्षा निसर्ग त्याला प्रिय. म्हणून १९७२ साली तो पत्नी इव्हॉन लोरिओ हिच्यासह युटा राज्यातील ब्राइस कॅन्यन या दरीत गेला. तेथे वाऱ्या-पावसाने कोरलेले लाल-नारिंगी खडक हजारोंनी उभे आहेत. दरीत उतरून तो पायी हिंडला, खडकांच्या छटा टिपल्या, पाखरांचे सूर वहीत उतरवून घेतले. पाखरांची गाणी लिहून घेण्याचा त्याला जुनाच नाद होता. तेथे निळ्या पंखांचा एक पक्षी त्या लाल खडकांवरून उडत गेला. निळा आणि तांबडा, लहानपणी पाहिलेल्या काचांचेच रंग! त्या दृश्याला त्याने जुन्या चर्चमधील रंगीत खिडक्यांचीच उपमा दिली.

‘दऱ्यांपासून ताऱ्यांपर्यंत’ ही बारा भागांची रचना १९७४ साली न्यूयॉर्क येथे वाजविली गेली. त्या दरीवरचा भाग तिच्या मध्यावर येतो. श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे फक्त वादक आणि त्यांची वाद्ये होती. चार वर्षांनी युटामधील लोकांनी आपल्या एका डोंगरकड्याला मेसियाँचे नाव दिले.